राखावे काय, सोडावे काय? : रायगड जिल्ह्यातील अभिलेखांच्या निवडीचा प्रश्न

इतिहास लिहिला जाण्यापूर्वी एक निर्णय होऊन गेलेला असतो. कोणता कागद पेटीत ठेवावा, कोणता रद्दीत घालावा आणि कोणता चुलीत सारावा, हा तो निर्णय होय. घराची डागडुजी करताना जुनी पेटी उपसणारे कुटुंब, सरकारी कार्यालयाच्या अभिलेख कक्षातील लिपिक, मंडळाचा कारभार सोडणारा चिटणीस हे सर्वजण तो घेतात. इतिहासकार येतो तो त्यानंतर कित्येक वर्षांनी. जे उरले त्याचा अर्थ लावणे एवढेच त्याच्या हाती राहते. म्हणून विहाराशी निगडित असलेल्या एखाद्या अभ्याससंस्थेने अभिलेखागार उभारावयाचे ठरविले, तर जागा आणि कपाटे यांच्याही आधी तिला निवडीचा प्रश्न सोडवावा लागतो. कोणाचे कागद घ्यावेत, त्यांतील कोणते कायम राखावेत आणि कोणते नम्रपणे परत करावेत, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

विचार हवेत राहू नये म्हणून एक गाव डोळ्यांपुढे ठेवू. रायगड जिल्ह्याच्या पेण तालुक्यातील जोहे हे गाव, शेजारच्या हमरापूरप्रमाणेच, गणेशमूर्तींच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध आहे. येथील मूर्ती मुंबई-पुण्यापासून परदेशांपर्यंत जातात. याच तालुक्यातील गागोदे हे आचार्य विनोबा भावे यांचे जन्मगाव. थोर पुरुषाचे नाव गावाशी जोडले गेले की अभ्यासक कागद शोधीत तेथे येतात. जोहे गावाकडे लोक येतात ते मूर्ती घ्यावयास. दप्तर पाहावयास सहसा कोणी येत नाही. तरीही कोकणातील कोणत्याही गावाप्रमाणे कागद तेथेही निपजतातच. सातबाराचे उतारे, फेरफार नोंदी, खारजमिनीच्या बांधबंदिस्तीचे कागद, शाळेचे जनरल रजिस्टर, कारखानदारांच्या मागणीवह्या, कामगारांच्या हजेरीवह्या, पतपेढीच्या पावत्या ही त्यांतील काही. कोकणातील गावोगावच्या बौद्ध वस्त्यांत यांखेरीज आणखी काही सापडते : मुंबईकर मंडळाची वर्गणीवही, बौद्धजन पंचायत समितीच्या शाखेची विवाहनोंद, धम्मदीक्षेच्या समारंभाचे पत्रक, वतनाचा एखादा जीर्ण कागद. यांपैकी इतिहासाचे साधन कोणते आणि अडगळ कोणती, हे कोणी व कशाच्या आधारे ठरवावयाचे?

संगीतीपुढील प्रश्न

हा प्रश्न बौद्ध परंपरेला मुळीच नवा नाही. तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतर राजगृह येथे भरलेल्या पहिल्या संगीतीसमोर तोच प्रश्न वेगळ्या रूपाने उभा होता. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात त्याचा वृत्तान्त आला आहे. पाचशे भिक्खू जमले होते. उपालीने विनय व आनंदाने धम्म सांगितल्यावर आनंदाने एक गोष्ट संघाच्या कानांवर घातली. संघाची इच्छा असल्यास आपल्या पश्चात क्षुद्र व अनुक्षुद्र, म्हणजे बारीकसारीक, नियम रद्द करावेत, अशी मुभा तथागतांनी दिली होती. परंतु असे नियम नेमके कोणते, हे आनंदाने त्यांना विचारले नव्हते. मग स्थविरांत मतभेद झाले. चार पाराजिके वगळता बाकीचे सर्व नियम क्षुद्र होत, असे काहींचे म्हणणे पडले. इतरांनी ती रेषा आणखी पुढे, आणखी पुढे ओढली. अखेर महाकाश्यपाने संघापुढे ठराव मांडला. आपले नियम गृहस्थांनाही ठाऊक आहेत. आज आपण ते टाकून दिले, तर शास्त्याच्या चितेचा धूर विरेपर्यंतच यांची शिस्त टिकली, असे लोक म्हणतील. सबब, जे घालून दिलेले नाही ते नव्याने घालू नये आणि जे घालून दिलेले आहे ते मोडू नये. संघ मौन राहिला आणि ठराव संमत झाला.

या वृत्तान्तात अभिलेखविद्येच्या दृष्टीने तीन गोष्टी लक्षणीय आहेत. गौण काय याचा निकष हाती नसताना गौण म्हणून काही टाकू नये, ही पहिली. निर्णय एकट्या महाकाश्यपाच्या अधिकाराने झाला नाही, तो संघापुढे मांडून घेतला गेला, ही दुसरी. तिसरी गोष्ट त्याहून मोलाची आहे. संगीती आटोपल्यावर पुराण नावाचा भिक्खू दक्षिणागिरीहून आपल्या परिवारासह राजगृहास आला. स्थविरांनी झालेले संगायन मान्य करण्यास त्याला सांगितले. स्थविरांनी संगायन उत्तम केले आहे, पण मी मात्र भगवंतांच्या मुखातून जे स्वतः ऐकले तेच धारण करीन, असे त्याने उत्तर दिले. पुराणाचे हे मतभिन्नतेचे उत्तर पिटकाच्या संपादकांनी गाळले नाही. ज्यांनी निवड केली, त्यांनीच ती निवड न मानणाऱ्याचीही नोंद ठेवली.

महापरिनिब्बान सुत्तातील चार महापदेश येथे स्मरतात. एखादे वचन भगवंतांचे म्हणून कोणी सांगितले, तर सांगणाऱ्याच्या मोठेपणावरून ते एकदम स्वीकारू नये आणि एकदम धिक्कारूही नये. सुत्त व विनय यांच्याशी ताडून पाहावे, असा त्यांचा आशय आहे. दारी आलेल्या कागदाविषयीही आपली वृत्ती अशीच असावयास हवी. देणाऱ्याची थोरवी हा कागद स्वीकारण्याचा पुरेसा आधार होत नाही. त्याप्रमाणे देणाऱ्याचे अप्रसिद्ध असणे हा तो नाकारण्याचाही आधार होत नाही.

कुडाच्या भिंती

रायगड जिल्ह्यातील सर्वांत जुने अभिलेखागार दगडात कोरलेले आहे. मांदाडच्या खाडीजवळील कुडा येथील लेण्यांत दानलेखांचा मोठा संग्रह आहे. महाभोज मांदव खंदपालित या स्थानिक अधिपतीच्या आश्रयाने राहणारा शिवभूती नावाचा एक लेखक, म्हणजे लेखनिक, आणि त्याचे आप्त यांचा उल्लेख तेथे येतो. वैद्य, माळी, लोखंडाचा व्यापारी, सार्थवाह असे निरनिराळ्या व्यवसायांचे लोक दाते म्हणून आपली नावे नोंदवून गेले आहेत. स्त्रियांची नावेही त्यांत आहेत. राजवंशांच्या यादीत ज्यांना कधी स्थान मिळाले नसते, अशा माणसांची ओळख आपणास दोन हजार वर्षांनंतर पटते, ती त्यांनी दिलेले दान कोरून ठेवण्याच्या प्रथेमुळे.

परंतु या भिंतींनीही एक निवड केलेली आहे. दगड राखतो ते दात्याचे नाव. डोंगर फोडणारे, छिन्नी चालविणारे, दगडाचा चुरा वाहणारे हात या लेखांतून बोलत नाहीत. दान हाच नोंदीचा निकष ठरल्यावर श्रम नोंदीबाहेर राहिले. ज्या निकषाने आपण राखतो त्याच निकषाने आपण काही गमावतोही, हे कुडा येथे स्पष्ट दिसते. जोहे गावातील एखाद्या कारखान्याचा इतिहास उद्या केवळ कारखानदारांच्या सत्कारपत्रांवरून लिहिला गेला, तर त्याची गत याहून निराळी होणार नाही. साचा कोणी काढला, रंग कोणी भरला, डोळ्यांची आखणी कोणी केली आणि त्यांना हंगामाची मजुरी काय मिळाली, हे हजेरीवहीच सांगू शकेल.

दप्तर आणि त्याची चाळणी

महाराष्ट्रात कागदपत्रांच्या शोधाची परंपरा मोठी आहे. वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाची साधने प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० साली पुण्यात स्थापन झाले. पुढे गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड १९३० च्या दशकाच्या मध्यापर्यंत सिद्ध झाले. या कार्याचे मोल कोणीही कमी लेखणार नाही. तथापि त्या पिढीच्या निवडीचा रोख प्रामुख्याने राजकारण, मोहिमा आणि दरबार यांच्याकडे होता, हेही खरे आहे. दप्तरात गाव होते, बलुतेदार होते, वेठ होती, कोकणातील महारांच्या लग्नांतील पौरोहित्याचा तंटाही होता. ते कागद पाहावयाचे झाल्यास पुढील अभ्यासकांना पुन्हा मूळ रुमालांकडे जावे लागले. रुमाल शिल्लक होते म्हणून ते शक्य झाले. छापण्यासाठी केलेली निवड पुढच्या पिढीला दुरुस्त करता येते. राखण्यासाठी केलेली निवड दुरुस्त करता येत नाही, कारण नष्ट झालेला कागद दुसऱ्या प्रश्नाला उत्तर देत नाही.

आधुनिक शासनाची चाळणी याहून अधिक नियमबद्ध आहे. महाराष्ट्रातील कार्यालयांत अभिलेखांचे अ, ब, क, ड असे वर्गीकरण चालते. ‘अ’ वर्गाचा कागद कायम राहतो, ‘ब’ वर्गाचा तीस वर्षे. ‘क’ वर्गाचे आयुष्य दहा किंवा पाच वर्षांचे आणि ‘ड’ वर्गाचे एका वर्षाचे. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ ने या व्यवस्थेस कायद्याची बैठक दिली. कार्यालयाच्या दृष्टीने ही व्यवस्था योग्यच आहे. सर्व कागद ठेवावयाचे म्हटले तर कार्यालयात माणसाला बसावयास जागा उरणार नाही. पण हा निकष प्रशासनाच्या गरजेचा आहे. मालकी सिद्ध करणारा कागद दीर्घकाळ जगतो, तर मालकी नसलेल्याने केलेला साधा अर्ज लवकर मरतो. ज्या समाजाचा राज्यसंस्थेशी संबंध शतकानुशतके अर्जदाराचा राहिला, त्याच्या इतिहासाचे साधन अशा रीतीने वर्गीकरणातच क्षीण होते.

पाश्चात्त्य अभिलेखशास्त्रातही या प्रश्नावर दोन मते आढळतात. इंग्लंडमधील हिलरी जेंकिन्सन यांनी १९२२ सालच्या आपल्या ग्रंथात अभिलेखपालाने स्वतः निवड करू नये, ज्या कार्यालयात कागद निर्माण झाले त्याने सोपविलेले दप्तर निष्ठेने सांभाळावे, अशी भूमिका घेतली. अमेरिकेतील टी. आर. शेलेनबर्ग यांनी १९५६ साली निराळी बाजू मांडली. कागदांचे ढीग एवढे वाढले आहेत की निवड अटळ आहे, असे सांगून त्यांनी कागदाचे मोल दोन प्रकारे पाहिले : तो निर्माण करणाऱ्या संस्थेचा कारभार कसा चाले याचा पुरावा म्हणून, आणि त्यात आलेल्या माणसांविषयी व घटनांविषयी माहिती म्हणून. आपल्यासारख्यांच्या बाबतीत या दोन्ही मतांना मर्यादा पडते. ज्यांच्यापाशी कार्यालयच नव्हते, त्यांचे दप्तर कोण सोपविणार? तेथे अभिलेखपालाला घरोघर जावेच लागते.

महाडचे कागद

या मुद्द्याची सर्वांत बोलकी साक्ष याच जिल्ह्यातील आहे. महाड येथे १९ व २० मार्च १९२७ रोजी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली आणि २० मार्च रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारोंनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्याच वर्षी २५ डिसेंबर रोजी मनुस्मृतीचे दहन झाले. तत्पूर्वी डिसेंबरमध्येच विरोधकांनी दिवाणी न्यायालयातून तात्पुरता मनाई हुकूम मिळविला होता. खटला महाडहून ठाण्यास आणि तेथून मुंबईच्या उच्च न्यायालयात गेला; १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयाने वादींचे अपील फेटाळले. अस्पृश्यांना पाणी न घेऊ देण्याची रूढी अनादि काळापासूनची असल्याचे वादींना सिद्ध करता आले नाही. दहा वर्षांचा हा न्यायालयीन संघर्ष नोंदी, ठराव आणि साक्षी यांच्या बळावर लढला गेला.

आज महाडचा इतिहास ज्या साधनांवर उभा आहे, ती कोणाची आहेत हे पाहावे. ३ एप्रिल १९२७ रोजी सुरू झालेले ‘बहिष्कृत भारत’ हे चळवळीचे स्वतःचे साधन. बाकीच्यांत न्यायालयाचे कागद आहेत, वृत्तपत्रांचे वृत्तान्त आहेत आणि पोलिसांचे गुप्त अहवाल आहेत. शासकीय दफ्तरांतील असे कागद व वृत्तपत्रीय मजकूर एकत्र करून महाराष्ट्र शासनाने १९८२ साली साधनखंड प्रसिद्ध केला आणि अभ्यासकांची मोठी सोय झाली. परंतु यातून निघणारा अर्थ विचार करावयास लावणारा आहे. आपल्या मुक्तिलढ्याची नोंद आपल्यावर नजर ठेवणाऱ्यांनी आणि आपल्याविरुद्ध दावा लावणाऱ्यांनी अधिक पद्धतशीरपणे सांभाळली. ज्या गावांहून माणसे पायी महाडला आली, त्या गावांत कोणी शिधा गोळा केला, कोणी वर्गणी दिली, परतल्यावर कोणावर बहिष्कार पडला, याचे कागद कोठे कोणाच्या घरी असतील तर ते सरकारी दप्तराच्या कक्षेत कधी आलेच नाहीत.

याउलट उदाहरणही महाडच्याच परिसरातील आहे. महाडजवळील रावढळ येथील गोपाळबाबा वलंगकर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, लष्करात महारांची भरती बंद करण्याच्या धोरणाविरुद्ध अर्ज तयार केला. त्या काळी त्याला यश आले नाही. शासनदरबारी तो एक निष्फळ अर्ज होता. चळवळीच्या इतिहासात मात्र तो आरंभीच्या साक्षींपैकी एक ठरला. बाबासाहेबांचे चरित्रकार चां. भ. खैरमोडे यांनी अशा कागदांचा आयुष्यभर संग्रह केला आणि तो पुढे मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयात सुरक्षित राहिला. निष्फळ ठरलेला कागद राखावा असे एका माणसाला वाटले, म्हणून हे घडले.

दिल्लीतील पेट्या

खुद्द बाबासाहेबांच्या कागदांची कथा आपणास अधिक अंतर्मुख करणारी आहे. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत २६, अलीपूर रोड येथे त्यांचे महापरिनिर्वाण झाले. त्यानंतर त्यांची हस्तलिखिते दीर्घकाळ कायदेशीर ताब्यात पेट्यांत बंद राहिली. पुढे घराची मालकी बदलली, १९६७ साली तेथील सामान बाहेर काढले गेले आणि काही कागद पावसात भिजून नाश पावले. भारताच्या संविधानाच्या शिल्पकाराचे कागद जर अंगणात भिजू शकतात, तर एखाद्या गावच्या पुढाऱ्याच्या वह्यांचे काय होत असेल, हे वेगळे सांगावयास नको.

जे वाचले ते काही माणसांच्या चिकाटीमुळे वाचले. नानकचंद रत्तू यांनी बाबासाहेबांच्या वापरातील वस्तू जपल्या. नागपूरच्या धम्मदीक्षा समारंभाचे एक प्रमुख संयोजक वामनराव गोडबोले यांनी त्यांतील अनेक वस्तू चिचोली येथील शांतिवनात आणून ठेवल्या. महाराष्ट्र शासनाने १९७६ साली चरित्र साधने प्रकाशन समिती नेमली. वसंत मून यांनी जुळवाजुळवीचे अफाट काम केले आणि १४ एप्रिल १९७९ रोजी लेखन व भाषणांचा पहिला खंड प्रसिद्ध झाला. चौथा खंड, ‘रिडल्स इन हिंदुइझम’, १९८७ साली आला. त्यातील राम व कृष्ण यांच्यावरील प्रकरणावरून १९८८ च्या आरंभी महाराष्ट्रात मोठे वादळ उठले. ते प्रकरण काढून टाकावे अशी मागणी झाली आणि तिच्याविरुद्ध मोर्चे निघाले. अखेर, या प्रकरणातील मतांविषयी शासनाची टीप जोडून मजकूर कायम राहिला.

त्या वेळी समाजाने एका तत्त्वाचा आग्रह धरला होता : वाचणाऱ्याला रुचत नाही म्हणून कागद गाळू नये. तत्त्व खरे असेल तर ते आपल्या संग्रहालाही लागू होते. अवघड प्रसंग येतो तो येथेच.

अवघड कागद

महाड परिषदेच्या पूर्वतयारीत रामचंद्र बाबाजी मोरे यांचा वाटा मोठा होता. पुढे ते कम्युनिस्ट चळवळीत गेले. मनुस्मृतिदहनाचा ठराव मांडणारे गं. नी. सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते. या दोघांचे कागद बौद्ध अभिलेखागारात यावेत की नाहीत, असा प्रश्न कोणी केल्यास उत्तर सोपे आहे. त्यांच्यावाचून महाड पुरे होत नाही. पण तीच गोष्ट अप्रसिद्ध माणसाच्या बाबतीत आली की आपला हात आखडतो.

१९५६ पूर्वीची एखाद्या घरातील भजनांची वही घ्या. धम्मदीक्षेनंतर अनेक कुटुंबांनी जुने देव्हारे विसर्जित केले. त्यांबरोबर वह्याही गेल्या. दीक्षेच्या दृष्टीने ते योग्यच होते. परंतु उरलेली एखादी वही आज संस्थेकडे आली, तर तिला श्रद्धेची वस्तू म्हणून नव्हे तर साक्ष म्हणून पाहावे लागेल. आपल्या आजोबांनी काय सोडले हे ठाऊक नसेल, तर त्यांच्या निर्णयाचे धैर्य आपणास कसे कळावे? जोहे गावच्या मूर्तिकारखान्यांचे दप्तरही याच न्यायाने पाहावे. बावीस प्रतिज्ञांतील तिसरी प्रतिज्ञा गौरी-गणपतीला देव मानण्याचे नाकारते. त्यामुळे या दप्तराशी बौद्ध अभ्याससंस्थेचा काय संबंध, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण हजेरीवही पूजा करीत नाही. त्या परिसरात कोणत्या जातीचा, कोणत्या धर्माचा मजूर कोणत्या कामावर राहिला, कोणत्या कामापासून दूर ठेवला गेला, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांनी प्लास्टर ऑफ पॅरिसवर निर्बंध आणल्यावर आणि त्याच वर्षीच्या टाळेबंदीत त्याच्या मजुरीचे काय झाले, हे प्रश्न विचारण्याचा अधिकार समाजशास्त्राच्या प्रत्येक अभ्यासकाला आहे. संस्थेने ती वही स्वतः घ्यावीच असे नाही. ती टिकावी एवढे तरी तिने पाहावे.

शाळेचे जनरल रजिस्टर हा आणखी एक अवघड कागद. धर्मांतरानंतर कोणी मुलाच्या नावापुढे ‘बौद्ध’ लिहिले, कोणी ‘हिंदू महार’ ठेवले, कोणी दोन्ही लिहिले. संविधानाच्या अनुसूचित जातिविषयक आदेशात बौद्धांचा समावेश १९९० साली झाला. तोपर्यंत केंद्राच्या सवलती आणि धम्मनिष्ठा यांच्यामध्ये पालकाला लेखणी धरून उभे राहावे लागे. आज काही कुटुंबांना त्या नोंदी लाजिरवाण्या वाटतात आणि त्या पुढे येऊ नयेत असे त्यांना वाटते. अभिलेखागाराने त्यांच्या भावनेचा मान राखून नावे काही काळ झाकावीत. परंतु कागद नाहीसा करू नये. त्या एका रकान्यात एका पिढीचे द्वंद्व साठलेले आहे.

महार वतनाचे कागद हेही असेच. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतनविषयक विधेयक मांडले. कनिष्ठ ग्रामवतने नाहीशी करणारा कायदा १९५८ साली झाला व १ ऑगस्ट १९५९ पासून अमलात आला. गुलामगिरीची खूण म्हणून वतनाचा कागद टाकून देण्याची वृत्ती समजण्यासारखी आहे. परंतु तोच कागद जमिनीच्या हक्काचाही पुरावा असू शकतो. पेण तालुक्यातील हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील गावांत, महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमीन द्यावी की नाही यावर सप्टेंबर २००८ मध्ये शासनाने शेतकऱ्यांचे मत अजमावले. अशा प्रसंगी ज्याच्यापाशी कागद असतो त्याच्या मताला वजन येते; ज्याचा कागद हरवला तो मोजणीबाहेर राहतो.

निवडीच्या कसोट्या

वरील विवेचनावरून छोट्या संस्थेस पेलतील अशा काही कसोट्या सांगता येतात.

पहिली कसोटी साक्षीची. हा कागद जे सांगतो ते अन्यत्र कोठे मिळते काय? सहज उपलब्ध असलेल्या मुद्रित ग्रंथाची दहावी प्रत घेण्यापेक्षा मुंबईकर मंडळाची एकच वर्गणीवही घेणे श्रेयस्कर. गिरणीत, गोदीत राबणाऱ्या माणसाने महिन्याला किती आणे गावच्या विहारासाठी दिले, हे तीच सांगते.

दुसरी कसोटी संदर्भाची. कागद कोणाकडून, कोणत्या पेटीतून, कोणत्या क्रमाने आला याची नोंद झाली नाही, तर त्याची निम्मी साक्ष लोपते. आलेले बाड विषयवार विभागण्याचा मोह टाळावा. ज्या गाठोड्यात आले त्या गाठोड्याचा क्रम राखावा.

तिसरी कसोटी प्रतिकूलतेची. जो कागद आपल्या मताला, आपल्या गटाला वा आपल्या पूर्वजांना अडचणीत आणतो, तो नाकारण्यापूर्वी दोनदा विचार करावा. रिपब्लिकन पक्षाच्या फाटाफुटीत एका गटाचे इतिवृत्त राखून दुसऱ्या गटाचे नाकारणारे अभिलेखागार हे त्या गटाचे कार्यालय होय. पुराण भिक्खूचे उत्तर राखणाऱ्या परंपरेस असे वागणे शोभत नाही.

चौथी कसोटी अभावाची. कागदांत जे नाही ते ओळखावे. वर्गणीवहीत नाव असते ते कुटुंबप्रमुख पुरुषाचे. भाकऱ्या भाजून सभेला आलेल्या बायकांचे नसते. ऊर्मिला पवार व मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ या १९८९ सालच्या ग्रंथासाठी आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांना भेटून त्यांची निवेदने मिळविली, ती याच उणिवेमुळे. जेथे कागद नाही तेथे वृद्धांचे कथन वेळीच ध्वनिमुद्रित करणे हाही संपादनाचाच भाग आहे.

पाचवी कसोटी सामर्थ्याची. कोकणातला पावसाळा चार महिने कागदाशी वैर धरतो. ओल, बुरशी, वाळवी आणि कसर यांच्यापासून जे आपण वाचवू शकत नाही, ते घेणे म्हणजे दात्याची फसवणूक होय. जीर्ण कागदाला चिकटपट्टी लावणे किंवा प्लास्टिकचे लॅमिनेशन करणे हे रक्षण नसून सावकाश केलेला नाश आहे. मूळ कागद कुटुंबाकडे राहू देऊन त्याची चांगली छायाप्रत घेता येत असेल, तर तोच मार्ग अनेकदा उत्तम. घरचा कागद घरात राहिला की घरालाही त्याची किंमत कळते.

येथून काय घेऊ नये हेही निघते. मूळ गाठोड्यातून उपटून विक्रीस आणलेला सुटा कागद, मालकीविषयी कुटुंबात वाद असलेले बाड, जिवंत व्यक्तींच्या खासगी दुःखाखेरीज ज्यात अन्य काही नाही असा पत्रव्यवहार, सार्वजनिक कार्यालयाचे हक्काने तेथेच राहावयास हवे असलेले दप्तर, या गोष्टी संस्थेने घेऊ नयेत. पंचायतीच्या इतिवृत्तातील सोडचिठ्ठीचे वा कौटुंबिक तंट्यांचे निवाडे घेतले, तर संबंधितांच्या हयातीत ते बंद ठेवण्याची लेखी हमी द्यावी. ज्ञानाची तहान करुणेला सोडून चालणार नाही.

शेवटची सूचना साधी आहे, पण तिच्यावर सारे अवलंबून आहे. प्रत्येक संस्थेने एक निवडवही ठेवावी. काय घेतले याची नोंद सगळेच ठेवतात. या वहीत काय नाकारले, का नाकारले, निर्णयाच्या वेळी कोण उपस्थित होते आणि कोणाचे मत वेगळे होते, हे तारखेनिशी लिहावे. निर्णय एकट्या ग्रंथपालाने किंवा एकट्या अध्यक्षाने घेऊ नये. गावातील जाणती माणसे, स्त्रिया आणि शक्य तेथे शाळेतील शिक्षक यांना त्यात बसवावे. आपली निवड चुकणार आहे, हे गृहीत धरूनच ही वही लिहावयाची आहे. पन्नास वर्षांनी येणाऱ्या अभ्यासकाला आपला निकष सापडला, तर आपण काय गमावले याचा त्याला अंदाज तरी बांधता येईल.

सर्व संस्कार अनित्य आहेत, हे आपण रोज म्हणतो. कागदही अनित्यच आहे, आणि अभिलेखागार त्याला अमर करू शकत नाही. परंतु तथागतांच्या अखेरच्या उपदेशात अनित्यतेपाठोपाठ अप्रमादाची आज्ञा आहे. जे जाणारच आहे, ते आपल्या निष्काळजीपणाने आधी जाऊ नये, इतकाच अभिलेखरक्षणाचा अर्थ. रायगड जिल्ह्यातील कोणत्याही विहाराला येत्या पावसाळ्यापूर्वी याचा आरंभ करता येईल : आपल्या कपाटातील जुन्या वह्या बाहेर काढाव्यात, सावलीत वाळवाव्यात, त्यांची यादी करावी, आणि यादी पूर्ण होईपर्यंत त्यांतील एकही पान टाकू नये.